कललेल्या टाकीखाली आई

आमच्या गावात पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काहीच नव्हतं. जळकोटच्या फाट्यावर एसटीतून उतरलं की शिवारापलीकडं आधी ती दिसायची. वडील गेल्यावर पाणी सोडायचं काम ग्रामपंचायतीनं आईला दिलं. रोज पहाटे मोटर लावून ती टाकी भरायची, मग आळीआळीनं पाणी सोडायची.

मी वाशीला शाळेत शिकवते. त्या दिवाळीत सुट्टीला घरी आले होते. सकाळी आम्ही दोघी चहा घेत होतो, तेवढ्यात जमीन गुरगुरली आणि मांडणीवरचे डबे धडाधड खाली आले. आमच्या भागानं मागं मोठा भूकंप पाहिलेला, त्यामुळं अशा वेळी कुणाला काही सांगावं लागत नाही. अख्खं गाव क्षणात रस्त्यावर आलं. घरं उभी होती, माणसं धड होती. मग कुणीतरी नुसतं बोट दाखवलं.

टाकी कलली होती. चारी खांब एका अंगाला झुकलेले आणि वर पाण्यानं भरलेलं ते एवढं थोरलं धूड, खालच्या आळीतल्या घरांवर वाकून बघत असल्यासारखं. बघताना माझेच पाय तिरके पडायला लागले. लोक कुजबुजत बोलत होते, जणू मोठ्यानं बोललं तर ती पडेल.

सरपंचांनी इंजिनियरला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मी तुळजापूरहून निघालोय. तासभर तरी लागेल," तो म्हणाला. "तोवर घरं रिकामी करा. टाकीत पाणी किती आहे?"

"काठोकाठ," आई म्हणाली. "सकाळीच म्या भरली."

"वजन उतरलं तर वाचेल. पण खाली कुणाला पाठवू नका. परत हादरा बसला तर..."

"मग तासभर तशीच ठिवायची व्हय? खालच्या आळीत दोघंजण अंथरुणाला खिळलेली हायती. त्यांना उचलूस्तोवर पडली म्हंजे?"

मग त्यानं विचारलं, "व्हॉल्व्ह किती आट्यांचा आहे, काकू?"

"एकवीस. सतरावा अडकतो."

"दोन-दोन आटे सोडा. मधी थांबत जा. खांब करकरला की पळायचं."

मी तिचा दंड धरला. "आई, तू नको जाऊ."

"तुला सतरावा फिरवता येतो का?" एवढंच म्हणून तिनं हात सोडवला, पदर खोचला आणि चालत गेली. पळत नाही, चालत.

व्हॉल्व्ह बरोबर टाकीच्या पोटाखाली होता. ती वाकली आणि ओढ्याकडं जाणाऱ्या पाइपातून पाणी पडू लागलं. एवढी माणसं होती, पण ऐकू येत होतं ते फक्त पाणी. खालच्या आळीत पोरं म्हाताऱ्यांना बाजेसकट उचलून नेत होती.

नववा-दहावा आटा असेल. जमीन पुन्हा हलली. टाकीतून एक लांबलचक कण्हणं निघालं आणि खांबांचा गिलावा आईच्या अंगावर झडला. मी ओरडले. ती डोकं खाली घालून, चाकाला दोन्ही हातांनी धरून बसली. धुरळा खाली बसला तेव्हा तिचे हात पुन्हा फिरत होते.

आयुष्यात मी कधी एवढी थक्क झाले नव्हते. ही बाई पालीला भिते. जत्रेतल्या पाळण्यात कधी बसली नाही.

इंजिनियर आला तेव्हा टाकी निम्म्याच्या खाली आली होती आणि आई पारावर बसून पाणी पीत होती. त्यानं खांब निरखले, ओळंबा लावून कल मोजला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"भीती वाटली नाही, काकू?"

"वाटली की. लई वाटली. पण आटे चुकले असते म्हणून मोजत हुते."

पुढं महिन्याभरानं टाकी उतरवली. मशिनं आली, दोन दिवस काम चाललं, सगळं गाव बघायला जमलं. आई तेवढी गेली नाही. तिचं हरभऱ्याचं खुरपण राहिलं होतं.