पाठमोरा मारुती

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोकडे नाही, लेकाकडे नाही, देवासमोरसुद्धा नाही. तुम्ही बसलाच आहात तर ऐका — मध्येच काही विचारू नका.

पार्सेतल्या आमच्या घरात ओसरीवर एक चित्र आहे. काळ्या शाईचं. उघडा गडी, पाठमोरा, वाकलेला, खांद्यावर डोंगराएवढं ओझं. बायको त्याला मारुती म्हणते, शनिवारी हार घालते. वाटतोही मारुतीच — काष्टीचं टोक मागे लोंबतं, ते शेपटीसारखं दिसतं.

तो मारुती नाही. ती माझी पाठ आहे.

मोरजीला एक चित्रकार बाई भाड्यानं राहायची, तिच्याकडे मी नारळ सोलायला जायचो. तिनं मला काष्टीवर उभं केलं, खांद्यावर सोडणांचं, नारळाच्या सालींचं पोतं दिलं, हलू नका म्हणाली. मग तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडे काढले, पत्रा तेजाबात बुडवला, कागदावर छाप उठवले. एक मला दिला. म्हणाली, हा ग्रीक लोकांच्या गोष्टीतला ॲटलस. देवांशी लढला, हरला, शिक्षा म्हणून आभाळ खांद्यावर घेऊन उभा आहे. ते ऐकून मला आवडला तो. वाकला — पण पडला नाही ना?

घरी काय सांगणार होतो? परक्या बाईसमोर कपडे काढून उभा राहिलो म्हणून? बायकोनंच विचारलं, "हो मारुतीच, न्हय ओ?"

"मारुती न्हय तर कोण?" मी म्हटलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण पुढे मी छातीच्या दुखण्यानं पडलो. शुद्ध नव्हती म्हणे. तेव्हा ती त्या चित्रापुढे बसली आणि नवस बोलली — ह्यांना उठव, मी मासळी सोडते. मी उठलो. तिनं सोडली. खारा बांगडा भाजल्याशिवाय जिला पेज उतरत नव्हती, तिनं सगळी सोडली. किती वर्षं झाली त्याला.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर? रागावली असती, चार दिवस बोलली नसती, मग भटजींना विचारून मोकळी झाली असती. मी तोंड उघडलं नाही. आधी लाजेनं. मग — खरं सांगू? — मग मला ते आवडायला लागलं. ती हात जोडते आणि मी बाकावर बसून बघतो. बरं वाटतं. अजून वाटतं.

माझ्यासाठी मासळी अजून तीच रांधते, न चाखता. शेजारीण तिला चिडवते, वास तरी घेतेस का गो? ती म्हणते, वासावरच तर मीठ कळतं.

काल तिनं बांगड्यांचं हुमण केलं होतं. मीठ बरोबर होतं. स्वतःच्या पानात तिनं तांबडी भाजी घेतली आणि मला विचारलं, आणखी घालू?

मी ताट पुढे केलं.