जाऊबाईंनी घातलेली बंदी

भेटल्याबरोबर समोरच्याच्या अंगकाठीबद्दल चकार शब्द न काढता बोलायला सुरुवात करणारं अख्ख्या पुणे शहरात एकच माणूस आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ते माणूस म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आपल्याकडे "कशी आहेस?" हे नुसतं तोंडदेखलं असतं. खरं स्वागत होतं ते "अगं, केवढी सुटलीस!" किंवा "सासरी खायला घालत नाहीत का?" याच शब्दांनी. जाऊबाईंना या स्वागताची मनस्वी चीड. वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर पाटीच होती: "येथे तब्येतीची चौकशी केली जाते. जाडी-बारकीची नाही. बेल एकदाच वाजवावी."

त्यांचा व्यवसाय समुपदेशनाचा. पुण्यात आयटी कंपन्या आल्या, मॉल आले, गल्लोगल्ली जिम निघाल्या, आणि आरशात बघून कष्टी होणारी तरुण पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत येऊ लागली. आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे जिन्यात या मंडळींची आणि माझी गाठ पडायची. बहुतेकजण पोट झाकलं जावं म्हणून सॅक पुढ्यात घट्ट धरून यायचे. एक मुलगा दंड दिसू नयेत म्हणून भर मे महिन्यात जाकीट घालून यायचा. आत काय बोलणं होतं, हे जाऊबाईंनी सख्ख्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. मी एकदा आडून आडून विचारून पाहिलं, तर म्हणाल्या, "तुला पोह्यांची कृती हवी असेल तर सांगते." पण काही महिन्यांनी ती सॅक पुढून पाठीवर गेलेली दिसायची, आणि त्या जाकीटवाल्यानं एकदा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात माझा गॅसचा सिलिंडर वरपर्यंत चढवून दिला. जाऊबाईंबद्दलचा माझा आदर तेव्हापासून आहे.

घरच्यांना मात्र त्यांचा जाच होता. बाथरूममधला वजनकाटा त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकला, का तर वजन फक्त रद्दीचं करायचं असतं. रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज या हातापायांनी काय काय काम केलं?" भावोजी बिचारे आठवून आठवून सांगायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला कुलूप घालायला हात शिवशिवत होते, ते आवरले. तेवढंच काम." जाऊबाईंनी त्यांना गंभीरपणे शाबासकी दिली.

मग माझ्या लेकीचं, केतकीचं लग्न ठरलं. साखरपुड्याचे फोटो बघताना व्याह्यांकडची कुणी बाई म्हणाली, "मुलगी जरा रुंदच आहे." झालं! पोरीनं अन्नच सोडलं. वाटीभर मोड आलेले मूग, आणि कंपनीच्या जिममध्ये तास न् तास धावणं. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये ती चक्कर येऊन पडली. लग्न राहू दे बाजूला, पोर हाताला लागेल ना, याच धास्तीनं मी खाली धावले. "ताई, तुम्हीच बघा हो तिला!"

"घरच्या माणसाला मी बघत नसते," त्या म्हणाल्या. "तिथं माझंच मन माझ्या ताब्यात राहत नाही."

मला फार लागलं. पण त्याच दिवशी त्यांनी एक डॉक्टर आणि आपल्या ओळखीच्या दुसऱ्या समुपदेशक बाई गाठल्या, केतकीला स्वतः रिक्षातून घेऊन गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. पुढे प्रत्येक वेळी बसल्या.

केळवणांची तर केतकीला दहशतच बसली होती. सगळ्यांचे डोळे नवरीच्या ताटावर, आणि वर आग्रह! तिनं सगळ्यांना नकार कळवला. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे ये. कुणी ताटात डोकावणार नाही, ही माझी जबाबदारी." मग आठवडाभर आमची तालीम चालली. "केतकी दारात आली की काय म्हणायचं?"

"ये, बस," भावोजी म्हणायचे.

"आणि वाळलेली दिसली तर?" सासूबाईंची शंका.

"तरी ये, बस!"

ठरल्या दिवशी बेल वाजली, एकदाच. जाऊबाईंनी दार उघडलं. सैल ड्रेसमध्ये केतकी उभी होती, गळ्याची हाडं वर आलेली. जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, किती वाळलीस गं!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ये, बस."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं. म्हणूनच घरचं माणूस घेत नाही मी." केतकी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि खदखदून हसली, कित्येक महिन्यांनी. हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्या रात्री तिनं आपणहून वरणभात मागून घेतला, वर तूपही. आम्ही सगळे हुकमाप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवलो. पूर्ण बरं व्हायला तिला लग्नानंतरही बराच काळ लागला, पण सुरुवात त्या दारात झाली असं ती अजून सांगते.

आता सासूबाई नाहीत. पुढची खोली बंद असते. गेलं वर्षभर जाऊबाई अंथरुणाला खिळून आहेत, आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. भेटायला येणारे सगळे त्यांच्याच तालमीतले, त्यामुळे पुस्तकांबद्दल बोलतात, हवापाण्याबद्दल बोलतात. "फारच चांगलं शिकवलं गं मी," परवा मला म्हणाल्या. "आरसा सोडला तर खरं कुणी बोलतच नाही माझ्याशी." मी उगीच चादर सारखी करत बसले.

त्याच संध्याकाळी केतकी बंगलोरहून आली. खोलीच्या दारातच थबकली, आणि सगळी शिकवण विसरून ओरडली, "काकू, किती वाळलीस गं!"

जाऊबाईंचा चेहरा असा उजळलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "ये, बस," त्या म्हणाल्या, आणि तिच्यासाठी कष्टानं थोडं बाजूला सरकल्या.