काल किती वेळा जेवलात?

गुरुजींची शाळा बंद पडून दोन वर्षं झाली होती. आधी पाऊस गेला, मग पोरं गेली आणि शेवटी कुणाची तरी फौज येऊन शाळेच्या दोन्ही खोल्यांत मुक्काम ठोकून बसली. शाळा गेली तरी गुरुजी मात्र गुरुजीच राहिले. परदेशी मदत संस्थेत त्यांना काम मिळालं ते पाहणीचं. गावोगाव जायचं, दारात बसायचं, छापील फॉर्ममधले एकतीस प्रश्न विचारायचे आणि मिळेल ते उत्तर लिहायचं. धान्याचे ट्रक कुठल्या गावाला जाणार आणि कुठल्या नाही, हे त्या फॉर्मांवरून ठरायचं.

बाकीच्यांच्या फॉर्मवर खाडाखोड असे, चहाचे डाग असत. गुरुजींचा फॉर्म म्हणजे शुद्धलेखनाची वही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या मुलाला गणितात दोनदा नापास केलं होतं आणि वर तिच्याच घरी जाऊन चहा प्यायले होते. संस्थेच्या मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फॉर्म कसा भरावा हे यांच्याकडून शिका." तेव्हापासून गुरुजींची मान जरा ताठच राहायची. माणसाला हुरळून जायला फार काही लागत नाही.

प्रशिक्षणात त्यांना चार गोष्टी बजावल्या होत्या. भांड्यांत डोकावायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. कुणाच्या घरी खायचं नाही. आणि स्वतःच्या नातेवाइकांच्या गावात पाहणी करायची नाही. पण आक्काच्या, म्हणजे त्याच थोरल्या बहिणीच्या, गावाला ज्याने जायचं होतं तो पुलापलीकडे अडकला. सैनिकांनी पूल बंद केला होता. मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही जाल?" आणि गुरुजी गेले.

तिथे त्यांनी पहिली चूक केली. पाहणी सुरू केली ती आक्काच्या दारातून. तिचं घर रस्त्यालगत होतं, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर, आपला धाकटा भाऊ हातात फॉर्म घेऊन आलेला तिने चारचौघांत बघावा असंही त्यांना वाटत होतं. अंगणात चटई टाकली. कुंपणापलीकडे शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. आक्काची सून दाराआड, तिची चार वर्षांची पोर तिच्या पायाला बिलगलेली. त्या पोरीचा बाप, म्हणजे गणितात नापास झालेला तोच, कामाच्या शोधात सीमेपलीकडे गेला होता. सात महिन्यांत त्याची काही खबर नव्हती.

गुरुजींनी वर्गात विचारत तसं खणखणीत आवाजात विचारलं, "प्रश्न चौदा. काल घरात किती वेळा जेवण झालं?"

आक्का हसली. "हे काय विचारणं झालं का रे धाकट्या? दोन वेळा. माणसं जेवतात तितक्या वेळा."

कुंपणापलीकडे सगळ्यांनी ऐकलं. गुरुजींनी दोनचा आकडा छान वळणदार काढला. त्यानंतर अख्ख्या गावात, एका घरापाठोपाठ एक, उत्तर आलं: दोन वेळा. आक्काच्या घरी दोन वेळा शिजतं आणि आपल्याकडे नाही, हे कोण बोलणार? एका म्हातारीने तर तीन सांगितलं. गुरुजींनी तेही लिहिलं. तिच्या गालांची हाडं त्यांना दिसत होती, पण फॉर्ममध्ये गालांच्या हाडांना रकाना नव्हता.

निघताना आक्काने हात धरला. "जेवल्याशिवाय जायचं नाही." गुरुजी नको नको म्हणाले, नियम सांगितला. ती म्हणाली, "नियम तुझ्या मॅडमला सांग. मी तुझी बहीण आहे." ताटात पीठ घालून शिजवलेली जाडसर पेज होती आणि मीठ. गुरुजी जेवले. चवीने जेवले, हे सांगितलंच पाहिजे.

महिनाभराने यादी लागली. आक्काचं गाव यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्काची सून आली. अकरा मैल चालून, पोरीला कडेवर घेऊन. संस्थेच्या फाटकापाशी उभी राहिली, आत यायला तयार होईना. गुरुजी बाहेर गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, आम्ही दोघी एक दिवसाआड खातो. हिला रोज एकदा देतो. सासूबाईंना कळलं मी हे बोलले तर घरात घेणार नाहीत." मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जेवलात ना, ते हिचं दोन दिवसांचं होतं."

गुरुजींना तोंडात मारल्यासारखं झालं. पोर कडेवर असूनही तिचं वजन दिसत नव्हतं. ती रडतही नव्हती, नुसती बघत होती. इतक्या लहान मुलाने इतकं गप्प असू नये.

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले. पूर्वी ती बँकेची खोली होती. तिजोरीच्या जागी आता फॉर्मांची कपाटं होती. भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या. मॅडमची भाषा गुरुजींना पुस्तकी का होईना, येत होती.

"त्या गावातली उत्तरं खोटी आहेत," ते म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचेही डोळे सुजलेले होते, त्या काही सुखात नव्हत्या. "फॉर्म तुम्ही भरलेत. खोटे फॉर्म म्हटलं की तुमची सगळी बावीस गावं बाद होतील. नवी पाहणी होईपर्यंत एकाही ट्रकला परवानगी मिळणार नाही. आमच्याकडच्या देणगीदारांनी यंदा हात आखडता घेतलाय. तीनातलं एक गाव वगळा म्हणून सांगितलं होतं. कुणाला तरी वगळायचंच होतं मला."

"फॉर्म खरे आहेत. उत्तरं खोटी आहेत."

"म्हणजे काय?"

म्हणजे काय, हे परदेशी भाषेत कसं सांगायचं? पाहुण्यासमोर रिकामं भांडं कुणी उघडं करत नाही, तुमच्याकडे तरी करतात का? गुरुजींनी असंच काहीतरी तोडकं मोडकं सांगितलं. मॅडमनी नकाशात त्या गावाची जागा बोटाने शोधली. मग म्हणाल्या, "एकच वाट आहे. मी स्वतः जाऊन गावातलं पहिलं घर पुन्हा तपासते. त्या बाईने माझ्यासमोर सांगितलं, तर गाव परत घेता येईल."

पहिलं घर आक्काचं.

जीप गेली तेव्हा या वेळी गुरुजी शहाण्यासारखे वागले. चटई अंगणात टाकू दिली नाही, आत बसले, दार लोटलं. वाटेत त्यांनी मनातल्या मनात आक्काला शंभर वेळा समजावलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "आक्का, पोरीसाठी तरी खरं सांग."

आक्काने ऐकलं न ऐकलं केलं. परदेशी पाहुणी आयुष्यात पहिल्यांदा घरात आली होती. तिने पदर सारखा केला, पाहुणीला एकुलती खुर्ची दिली, पाणी दिलं. सून भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

गुरुजींनी विचारलं, "काल किती वेळा जेवलात?"

आक्का पाहुणीकडे बघून गोड हसली. "दोनदा."

गुरुजी मॅडमकडे वळले आणि त्यांच्या भाषेत म्हणाले, "ती म्हणते, पोर दिवसातून एकदा जेवते. पातळ पेज. मोठी माणसं एक दिवसाआड. काल मोठ्यांचा दिवस नव्हता." पंचवीस वर्षं मुलांना 'खोटं बोलू नये' हे फळ्यावर लिहून दाखवलेला माणूस तो.

आक्का हुशार बाई. म्हणाली, "मी एक शब्द बोलले. तू एवढं लांबलचक काय सांगितलंस?"

मॅडमनाही तीच शंका. "त्या तर एकच शब्द बोलल्या."

"आमची भाषा आटोपशीर आहे," गुरुजी म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःचाच नियम मोडून चुलीकडे पाहिलं. राख पांढरी, गार होती. त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि लिहिलं. आक्काला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. तिने वाकून पाहिलं. कागदावर मोठ्यांच्या जेवणापुढे शून्य होतं.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. जीप सुटेपर्यंत बाहेर आली नाही. गुरुजींनी दोन हाका मारल्या. सूनच दारापर्यंत आली.

तीन आठवड्यांनी ट्रक आला. वाटपाच्या टेबलावर यादी घेऊन गुरुजी बसले होते. रांगेत आक्का होती. सगळ्यांत पुढे नाही, सगळ्यांत मागे नाही, पण ताठ. तिची पाळी आली. तिने अंगठा उठवला, पोतं सुनेच्या डोक्यावर दिलं. गुरुजी मान वर करेनात.

"धाकट्या," ती म्हणाली. आवाज मोठा होता. मागच्या सगळ्या बायकांनी ऐकला. "हे पीठ संपेपर्यंत माझ्याकडे येऊ नकोस. आलास की मला वाढावं लागेल, आणि यातलं मी तुला देणार नाही. आमच्याकडे पुरेसं नाही."

मग मागून त्या तीन वेळा जेवणाऱ्या म्हातारीचा आवाज आला, "आमच्याकडेही नाही, बाळा."

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून त्यांनी यादीतलं पुढचं नाव वाचलं.