एडक्यापायी वीस रुपये

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायको बैलाच्या गोचिड्या काढत होतो. मी बैलाचं तोंड धरून उभा. ती एकेक गोचीड चिमटीनं उपटायची, दगडावर ठेवायची नि दुसऱ्या दगडानं फोडायची. रक्ताचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडत होते. बैलानं डोकं झटकलं तर ती मलाच बोलली, "नीट धरा, नाईतर तुमचेबी कान पाहू का?" मी म्हटलं, माझ्या कानात काही नाही. "हाव, म्हून तर माहं बोलनं आरपार जाते."

दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं. आमचं वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं. तिच्यामागं मी दुसरी केली नाही. लोक विचारायचे, काऊन? मी उठून चालता व्हायचो. आजही चार माणसांत बसायला कोणी बोलावलं की नको वाटतं.

दुपार व्हायच्या आत पोरगा घरी आला. पंधरा वर्षांचा होता. कापसाच्या दिवसांत बाजारगावच्या जिनिंगात कामाला जायचा. नाक फुटलेलं, सदऱ्यावर रक्त, पाठीवर काठीचे वळ. तिनं सदरा काढून पाहिला नि विचारलं, कोणी मारलं. आधी म्हणाला पडलो. मी दोन ठेवून दिल्या तेव्हा खरं निघालं.

त्यानं एका धनगराकडून टकरीचा एडका घेतला होता, वीस रुपयांचा. आमच्याकडं एडक्यांच्या टकरी लागत, पोरं त्यावर पैसे लावत. पहिल्याच टकरीत समोरच्या एडक्यानं याच्या एडक्याचं कपाळ फोडलं. उभ्या जागी कोसळला, मेंदू मातीत. वीस रुपये मात्र जिवंत राहिले. ते त्यानं बाजारातल्या तंबाखूवाल्याकडून उचलले होते, रुपयामागं आठवड्याला एक आणा व्याजानं. सारी मजुरी व्याजातच जायची, आम्हाला सांगायचा की मुकादमानं अडवून ठेवली. त्या आठवड्यात मजुरी कमी पडली म्हणून मार बसला.

अठरा वर्षांखालच्या पोराचा कागद कचेरीत उभा राहत नाही, हे तंबाखूवाल्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो पोरांकडून कागद करूनच घेत नसे. महादेवाच्या देवळात न्यायचा, तळहातावर बेलाचं पान नि भंडारा ठेवायचा नि वदवून घ्यायचा, पैसा बुडवला तर माही माय मरो. बाप्ये माणसं कागदावर वर्षानुवर्षं भांडत बसत. बेलभंडार उचललेलं पोट्टं घरातली भांडी चोरून पैसे आणून देई.

मी म्हटलं, कापूस विकला की वीस रुपये तोंडावर फेकू, व्याज एक पैसा देणार नाही. पोरगा ऐकत नव्हता. माराचं त्याला काहीच वाटत नव्हतं. त्यानं मायचे पाय धरले.

"माय, दे ना वं त्याले. तू मरशीन."

ती आधी हसली. मग एक सणसणीत थोबाडीत दिली. "एका एडक्यापायी माहा जीव गहाण टाकला बे तू?" मग पदरानं त्याचं नाक पुसलं, नि मला म्हणाली, गाडी जुंपा.

मी म्हटलं, पैसे देऊन मोकळं होऊ. ती म्हणाली, "पैशाचं काय घेऊन बसले? शपथ त्याच्या डोक्यात बसली. उद्या मले ताप आला तरी हा त्या मेल्याच्या पायाशी पयत जाईन. जलमभर जाईन." तिला पोरगा त्याच्या हातातून सोडवायचा होता. बाकी काही नको होतं.

तंबाखूवाला देवळाच्या पायरीलगत दुकान मांडून बसायचा. जवळ लोखंडी कडं बसवलेली काठी. बाजार भरलेला. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली नि म्हणाली, विसातला पैसान् पैसा कापसावर मिळेल, पण आत्ता बेलभंडार हातात घे नि चारचौघांत सांग की पोराची शपथ सुटली. तो दात कोरत म्हणाला, "बाई, शपथ देवाची हाय. देवाले विचार." गिऱ्हाईकं हसली. मग तो पोराकडं बघून म्हणाला, "काऊन बे, मायले घेऊन आला? आता लवकर मरन थे."

ती वाकली. "माह्या मरनावर याज खातं का रे तू?" असं म्हणत तिनं तागडी उचलली नि पितळी पारडं त्याच्या तोंडावर हाणलं. गाल चिरला. दुसरा दणका दातांवर. तो ओरडत उठला, काठी उचलली नि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यात घातली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी गाडीची उभारी, कडेचा उभा दांडा, उपसली नि त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं. परत हाणली, खांद्यावर, पाठीवर. तो तंबाखूच्या पोत्यांत पडला तरी मी थांबलो नाही. चौघांनी मला मागं ओढलं.

ती उभीच होती. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं. ती देवळात गेली, बेलाचं पान नि चिमूटभर भंडारा घेऊन आली, त्याच्या धडक्या हातावर ठेवलं. "आता बोल."

तो पोत्यांतूनच म्हणाला, "सुटली. पोराची शपथ सुटली."

"ऐकलं का बे?" ती पोराला म्हणाली. "सुटली."

गाडीत ती आपल्या पायांनी चढली. गावाच्या अर्ध्या वाटेवर उलट्या सुरू झाल्या. कानातून रक्त येऊ लागलं. बोलणं जड झालं. पोराच्या मांडीवर डोकं होतं. नाल्यापाशी मी बैल थांबवून पाणी आणायला उतरलो. परत आलो तर पोरगा तिचे गाल चोळत होता नि म्हणत होता, "सुटली ना वं माय, थो म्हने ना सुटली."

संध्याकाळी तंबाखूवाल्यानं एका म्हाताऱ्याला आमच्या घरी धाडलं. निरोप असा की वीस रुपये सोडले, क्रियाकर्माचा खर्चही देतो, बाई गाडीतून पडली असं सांगा. नाहीतर त्याचा हात तुम्ही मोडला, तुम्हीही तुरुंगात जाल. माझा थोरला भाऊ म्हणाला, "ऐकून घे. पोट्ट्याची शपथच भोवली. दुसऱ्याचं नाव कायले घेतं?"

पोरगा तिच्या पायाशी बसला होता. त्यानं हो म्हणून मान हलवली.

मी भावाच्या तोंडात हाणली, आयुष्यात पहिल्यांदा. म्हाताऱ्याला बखोट धरून बाहेर काढलं. पोरगा राती विहिरीकडं जाऊ नये म्हणून त्याचा पाय कासऱ्यानं माझ्या पायाला बांधला.

सकाळी मी तिला गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवलं, पोराला जवळ बसवलं नि ठाण्यावर गेलो. हवालदारानं विचारलं, बाई कशानं मेली. मी पोराला पुढं ढकललं.

"शपथेनं," तो म्हणाला. "माह्या शपथेनं."

हवालदार माझ्याकडं पाहू लागला. मी गोधडी सरकवली. पोराचा हात धरला, बोटं तिच्या केसांत घातली नि जिथं कवटी दबली होती तिथं टेकवली. तो हात ओढत होता. मी सोडला नाही.

"शपथेनं असं होते का बे? हात लावून पाह्य."

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचं तोंड वाकडं झालं नि तो रडू लागला, ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"काठीनं," तो म्हणाला.

"कोनाच्या?"

त्यानं नाव सांगितलं. हवालदारानं ते लिहून होईपर्यंत मी थांबलो. मग म्हटलं, आता माझं लिहा. त्याचा हात मी मोडला.