उघड्या पंजाचं माप

मास्तरांचा लोखंडाशी संबंध आला तो सुई, कात्री आणि इस्त्री एवढ्यापुरताच. त्यातल्या कात्रीला ते कुणाला हात लावू देत नसत. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणायचे, आणि हे खोटं आहे असं मास्तर कधी म्हणाले नाहीत. नजर मंदावली तसं त्यांनी दुकान बंद केलं, मशीन विकलं, माप घ्यायची फीत तेवढी खिशात राहू दिली. अशा माणसाने उतारवयात सुरी घडवायला घेतली याचं गल्लीला हसू आलं, तर त्यात गल्लीचा दोष नाही.

कारण घरातलं होतं. मागच्या थंडीत त्यांच्या बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली, हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. बोटं उघडायची, पण पुरती मिटायची नाहीत. सुरी धरली की हातातल्या हातात फिरायची. एकदा अशीच फिरली आणि डाव्या अंगठ्यावर उतरली. तेव्हा मास्तरांची बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाई मनाने वाईट नव्हती. हाताने झपाट्याची होती आणि तोंडाने त्याहून. तिचं म्हणणं पडलं की आता या घराला कुलूप लावावं आणि महिनाअखेर दोघांनी तिच्याकडे कायमचं राहायला यावं.

मास्तर बायको काय म्हणते याची वाट बघत राहिले. शेजारच्या घरात मीठ जास्त पडलं तर वासावरून ओळखणारी ती बाई खिडकीशी बसून म्हणाली, "वन्सं म्हणतील तसं." मास्तरांनी धसका घेतला तो या बोलण्याचा. आजारपणाचाही त्यांनी एवढा घेतला नव्हता.

बाजारातल्या हलक्या, जाड, दातेरी अशा सगळ्या सुऱ्या आणून झाल्या. सगळ्या फिरल्या. तयार कपडा अंगाला बसत नसेल तर मापाचा शिवावा, इतका साधा विचार करून मास्तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वेल्डरकडे गेले. वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याच्या दुकानापेक्षा त्याच्या बोलण्यातून जास्त उडायच्या. त्याने पात्यासाठी एक झिजलेली मोठी कानस काढून दिली आणि विचारलं की मास्तर, लोखंड ढिलं झालं तर टाके घालणार का. मास्तरांनी कानस पिशवीत घातली. ज्याच्याकडे शिकायचं त्याचं थोडं ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

घरी येऊन त्यांनी फीत काढली. बायकोला म्हणाले, पंजा उघड, बोटं सरळ ठेव. तळव्याची रुंदी, बोटांची लांबी, अंगठ्याचा घेर, सगळं घेतलं.

"आता हातमोजे शिवताय की काय?" तिने विचारलं. पण उत्तराआधीच तिची नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली.

ठिणगीच्या दुकानात कानस निखाऱ्यात लाल करून राखेत पुरली, ती सकाळी गार आणि मऊ होऊन निघाली. मास्तरांनी कागदाचा नमुना कापला, लोखंडावर ठेवला आणि सवयीने खडूने आखला. घासायला लागताच खडू पुसला गेला. ठिणगी पोट धरून हसला आणि त्याने खिळ्याने रेघ ओढून दिली. मग दिवसामागून दिवस घासणं. कापडाला कात्री लावली की ते लगेच ऐकतं. लोखंड मनधरणी करायला लावतं. धारेच्या बाजूला मास्तरांनी थोडी जाडी राखली, शिवणीत कापड राखतात तशी. ठिणगी म्हणाला की हे बरोबर केलंत, आधीच पातळ केलेलं पातं तापवून तेलात बुडवताना तडकतं. शिकाऊ मास्तरांना मिळालेली ही पहिली शाबासकी.

पातं पुन्हा तापवलं. लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर, म्हणजे पुरतं तापल्यावर, ते कोमट तेलात बुडवलं. बाहेर आलं ते कडक, पण डावीकडे किंचित कललेलं. ठिसूळपणा जावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये ते वाळल्या गवताच्या रंगावर येईपर्यंत शेकलं, तेव्हा बहिणीने तेलाच्या वासावरून दोन दिवस बोलणी ऐकवली. मग धार काढली, आणि मोडक्या खुर्चीच्या पायाची मूठ केली. गुळगुळीत, सडपातळ, कोटाच्या बाहीसारखी उतरती. मापात सुताचाही फरक नव्हता.

सुरी बायकोच्या हातात दिली. समोर बटाटा ठेवला. तिने दाबलं, मूठ बोटांच्या आत फिरली आणि सुरी आडवी पडली. तिने ती उचलून कडेला ठेवली.

"छान झालीय," ती म्हणाली. "तुम्हाला फळं कापायला होईल."

दुसऱ्या दिवशी बहीण माळ्यावरून ट्रंक काढायला लागली.

मास्तर सुरी घेऊन बसून राहिले. माप बरोबर होतं, मग सुरी का बसली नाही? गिऱ्हाईक ताठ उभं करून माप घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. हातही त्यांनी तसाच ताठ उभा केला होता. पण हाताने काम करायचं ते मिटून, आणि मिटताना हा हात किती मिटतो ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

ते स्वयंपाकघरात गेले. बहीण कणीक मळत होती. तिच्या परातीतून एक गोळा तोडला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मास्तरांनी सुरीच्या मुठीभोवती गोळा थापला, ती बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "धर. जमेल तेवढंच."

हात सुटल्यावर कणकेत ठसा राहिला. शेवटची दोन बोटं नुसती टेकली होती. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि तळहाताची मनगटाजवळची टाच खोल रुतली होती. या हातात पकड नव्हती, दाब होता.

जुनी मूठ खिळे कापून काढली. नवी केली ती जाडजूड, वाकडी, वरून चपटी, अंगठ्याला खळगा असलेली. मास्तरांनी असा कोट शिवला असता तर गिऱ्हाइकाने अंगावर फेकला असता. ठिणगीने ती उलटसुलट करून पाहिली.

"मास्तर, ही मूठ आहे की सुजलेलं वांगं?"

"बसेल तिला," मास्तर म्हणाले.

ट्रंक अर्धी भरली होती. बायको ओट्याशी उभी राहिली. तळहाताची टाच टेकवली, अंगठा खळग्यात घातला, वरून दाबलं. कोबी कापला गेला. एक फोड तळहाताएवढी, दुसरी नखाएवढी. ती घाईने काही करत नव्हती, आणि कुणी तिला घाई करू नये म्हणून मास्तर दारात उभे होते.

"वहिनी, हे सारखं शिजणार नाही," बहीण म्हणाली.

"मोठे तुकडे तुमच्या ताटात वाढीन, वन्सं. आणि ती ट्रंक रिकामी करा, माझ्या शाली आहेत त्यात."

बहीण आठवड्याने गेली. थोडी रुसली होती, पण रिक्षात बसताना वहिनीला वेळेवर गोळ्या घ्यायला बजावून गेली.

त्या संध्याकाळी बायकोने सुरी डोळ्यांसमोर धरली. पातं डावीकडे कललंय, फोडी तिरक्या पडतात, असं ती म्हणाली. मास्तरांनी सांगितलं की पुढची सरळ करतो.

"पुढची कशाला? हीच करा. आणि आधी कांदे आणा, घरात एक नाही."

मास्तर पिशवी घेऊन बाहेर पडले.