देवाला विचारून बदललेल्या गोळ्या

दोन हजार तेवीस साल. भात झोडून झालं होतं, काजूला मोहोर यायचा होता. त्या दिवसांत मी जो मूर्खपणा केला तो सांगतो. हसा, पण चहा सांडू नका.

घरामागची घाटी चढताना माझी छाती आवळायची. मध्येच बसावं लागायचं. मी, आणि बसणार? कुडाळला गेलो. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. आत सूज आहे. ती उतरवणाऱ्या औषधाची चाचणी चाललीय. नेहमीच्या गोळ्यांबरोबर ही घ्यायची. पण निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची."

"माका खंयची?"

"ते मलाही माहीत नाही."

आता बोला! डॉक्टरलाच ठाऊक नाही, मग कोणाला?

आमच्याकडे अशा वेळी एकच जागा. देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर माझी गोळी खरी, डावी पडली तर खोटी.

डावी पडली.

शेजारचा राघोबाही त्याच चाचणीत. त्याच्या नावाने विचारलं. उजवी!

"रे राघोबा, डबी बदलूया."

"फुकट?"

"एक कोंबडी देतंय."

"खऱ्या गोळयेक एकच कोंबडी? दोन!"

"आज एक घे. दुसरी मागाहून."

आणि काय सांगू! थोड्याच दिवसांत मी घाटी न बसता चढलो. मिशीला पीळ देत चढलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी डबीवरचा नंबर पाहिला. "काका, ही तुमची नाही."

मी ताठ मानेने सांगितलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून देवाला विचारलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. बाहेर बसलेल्या राघोबाला आत बोलावलं. कुठेकुठे फोन केले. मग म्हणाले, "खरं औषध तुमच्याच डबीत होतं, यांच्या नाही. ते तुम्ही यांना दिलंत."

"मगे मी घाटी चढलंय कसो?"

"ते मलाही माहीत नाही!"

आम्हा दोघांनाही चाचणीतून काढलं. देव चुकला, की गुरव, की मीच उलटं विचारलं? अजून कळलेलं नाही. राघोबा मात्र वाटभर खिदळत होता. "देव चुकाक नाय रे! तेका माझी काळजी होती!"

दुसरी कोंबडी द्यायची राहिली होती. संध्याकाळी नेऊन दिली.