हलूनकांच्या घरचं धुणं

काकूंच्या नवऱ्याला गावात कुणी नावाने ओळखत नसे. उन्हाळ्यात समुद्रावर हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो तो काढायचा. डोळ्याला कॅमेरा लावला की एकच वाक्य बोलायचा, "हलू नका." पोरं, म्हातारी, नवी जोडपी, सगळ्यांना तेच. शेवटी गावाने त्याचं नावच हलूनका पाडलं, आणि लग्न होऊन आलेल्या काकू आपोआप हलूनकांच्या बायको झाल्या.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली. यंदा वाचनालयाने त्याच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. माळ्यावरची ट्रंक काकूंनी न उघडताच देऊन टाकली. उघडली असती तर देववली नसती. वाचनालयात नवीनच लागलेली मुलगी वही घेऊन माहिती विचारायला घरी आली.

"काका फोटो काढायचे. आणि तुम्ही, काकू?"

"मी धुवायची गं."

"किती असायचे?"

"सुट्टीच्या दिवसांत शंभर-दीडशे. दुपारी धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, की संध्याकाळी पाहुणे न्यायला दारात हजर."

"बाप रे. हातांचं काय होत असेल."

"नखं पिवळी पडायची. पण सवय झाली."

मुलीने हळहळून मान हलवली आणि सगळं लिहून घेतलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने काकूंना आधी बघायला बोलावलं. सोबत नणंद आली. नणंद म्हणजे हलूनकांची धाकटी बहीण, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. दारातच पाटी होती. नणंदेने चष्मा वर-खाली करत ती मोठ्याने वाचली, "त्यांच्या पत्नीने पाहुण्यांचे कपडे धुऊन संसाराला मोलाचा हातभार लावला."

मग ती काकूंकडे वळली.

"वहिनी, तुम्ही कपडे हो कधी धुतलेत? माझ्या दादाचा सदरासुद्धा दादाच खळबळायचा."

"हळू बोला, वन्सं. कपडे धुणं काही पाप नाही."

"पण खोटं आहे ना."

"माझ्यापुरतंच आहे. खरं काय ते देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे."

"देव उद्या उद्घाटनाला येणार आहे का?" नणंद पुटपुटली आणि आत शिरली.

आत भिंतीभर उन्हाळे टांगलेले होते. हातात चपला घेऊन पाण्याच्या कडेने चालणाऱ्या बायका. कापडावर रंगवलेल्या बोटीत सुकाणू धरून ताठ बसलेला कुणी कारकून. लॉजच्या पायऱ्यांवर वयाप्रमाणे उभी केलेली सात भावंडं, त्यातलं एक नेमकं हललेलं. काकूंना माणसं आठवत नव्हती, पण प्रत्येक कागद हातातून गेलेला आठवत होता.

मधोमध सगळ्यांत मोठ्या चौकटीत एक फोटो होता. आईबाप आणि दोन मुलं, हात धरून समुद्रात उतरताना, पण इतकी फिकी की आता विरघळतील असं वाटावं. खाली लिहिलं होतं, 'पहिलं पाऊल. उन्हाळी पहाटेच्या धुक्यात एक कुटुंब.'

"हा माझा सगळ्यांत लाडका," मुलगी म्हणाली. "उद्या सगळ्यांना मी आधी हाच दाखवणार. काकांना ते धुकं बरोब्बर सापडलं."

या किनाऱ्यावर उन्हाळ्यात धुकं कधी पडलं नव्हतं.

नवऱ्याच्या फोटोच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली रसायनांचे तीन ट्रे असत. आत घड्याळ दिसत नसे, म्हणून काकू माळ ओढत. कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडायचा, चाळीस मणी झाले की दुसऱ्यात. नामस्मरण व्हायचं आणि फोटोही नीट यायचा. हा फोटो धुतला त्या दिवशी विसाव्या मण्याला बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, लवकर ये. चालली बघ." वर्षभराची लेक पहिल्यांदा चालली होती. काकूंनी कागद अर्धवटच दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला आणि धावल्या. फोटो फिका आला. पाहुण्यांना दुसरा धुऊन दिला, आणि हा फेकला असेल अशीच त्यांची समजूत होती.

आता बोलावं तर या पोरीचा हिरमोड, आणि वर आपलीच चूक चव्हाट्यावर. न बोलावं, तर उद्या गावासमोर नवऱ्याच्या नावावर एक खोटं कायमचं टांगलं जाणार. स्वतःबद्दलचं खोटं त्यांनी दारात गिळलं होतं. हे काही गिळवेना.

"पोरी, हे धुकं नाही. भर दुपार आहे ही. माझा हलगर्जीपणा आहे तो."

"तुमचा? पण तुम्ही तर कपडे..."

"फोटो गं. फोटो धुवायची मी."

"आता कसं," नणंद मागून म्हणाली.

मुलगी फोटो मोबाइलवर बघत वाढलेली. फोटो धुतात हे तिच्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. काकूंनी ट्रे, माळ, लेकीचं चालणं, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे दारातली पाटीही चुकली. आणि हा... काढू का हा?"

"काढ."

तिने चौकट उतरवली आणि थांबली. "पण काकू, 'पहिलं पाऊल' हे नाव काही मी दिलं नाही. काकांनीच लिहिलंय. मला वाटलं, या मुलांचं पाण्यातलं."

तिने चौकट उलटी करून मागचा पुठ्ठा काढला. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. 'दोन प्रती', 'मोठा करणे' असं ज्या अक्षरात हलूनका काकूंना काम लिहून ठेवी, त्याच अक्षरात: 'पहिलं पाऊल. मोजणी चुकली. जपून ठेवणे.'

काकूंनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "लाव परत. जागच्या जागी."

"आणि खाली काय लिहू?"

"त्यांनी लिहिलंय तेच. आणि दारात लिही, फोटो यांनी काढले, हिने धुतले."

मुलीने लिहून घेतलं, या वेळी परत वाचून दाखवलं. मग मोबाइल काढून म्हणाली, "काकू, त्या फोटोशेजारी उभ्या राहा ना."

काकू पदर सारखा करून उभ्या राहिल्या. नणंदेने घसा खाकरला आणि अगदी दादाच्या आवाजात म्हणाली, "हलू नका."

आणि काकू हलल्याच.